तुतीचे डाग

२३ एप्रिल

काल दुपारी चार वाजता वादळ झालं आणि परसातली तुती मधोमध फाटली. आज सकाळी पालिकेच्या झाडांच्या कार्यालयात तक्रार नोंदवायला गेले. तिथला कारकून म्हणाला, "बाई, तारीखवार सगळं लिहून ठेवा. पुढे कोणी नाही म्हणालं तर आपल्या हाती काहीतरी असतं." म्हणून ही वही. हॉस्पिटलच्या धुलाई खात्यातली आहे, निम्मी कोरी. तीस वर्षं मी तिथे प्रमुख होते. निवृत्त होताना एवढी एकच वस्तू घरी आणली.

तर तक्रार अशी. झाड आमच्या छपराच्या दुप्पट उंच. पुरुषभर उंचीवर त्याचे दोन फाटे होतात. एक फाटा काल तुटून थोरलीच्या मागच्या खोलीच्या पत्र्यावर आडवा झालाय. दुसरा उभा आहे, पण घराकडे झुकलेला, आणि मधल्या चिरेत माझा हात कोपरापर्यंत जातो. बुंधा घरापासून पाच पावलांवर. खाली सगळीकडे पिकलेल्या तुतीचा चिखल, जांभळा, चिकट, आंबलेला. त्यावर माश्या. वास असा की सकाळचा चहा घशाखाली उतरला नाही. उंबऱ्यावर डाग, पायपुसण्यावर डाग, यांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत डाग.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. घर एकच, मध्ये भिंत. दीर गेल्यापासून पलीकडे ती एकटी. परस, नळ आणि धुण्याचा दगड सामाईक. आम्ही नऊ वर्षं बोलत नाही, आणि त्याचं कारण हेच झाड. मी म्हटलं होतं, तोडू या, पाखरं तुती खातात आणि माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर जांभळं शिटतात. ती म्हणाली, तिच्या नवऱ्याने लावलंय. मी म्हटलं, मग पाखरांना धुणंही शिकवून जायचं होतं. तिथे जी तोंडं मिटली ती मिटली. काही सांगायचं असलं तर हे मधून ये-जा करतात.

आज हे तिला सांगून आले की आमची पुढची खोली रिकामी आहे, झाड निघेपर्यंत तिथे झोपा. मीच सुचवलं होतं, कोणी माणुसकी नाही म्हणायला नको. तर उत्तर काय? "वहिनी त्या खोलीतून हलणार नाही म्हणतात." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

२४ एप्रिल

झाडं तोडणारा मुकादम आला. तोंडात तंबाखूचा बार, हनुवटीवर ओघळ. बोलता बोलता तीनदा थुंकला, त्यातलं एकदा माझ्या कुंडीत. पण माणूस कामाचा दिसतो. त्याने चिरेत लोखंडी गज घातला आणि फिरवला. आतून काळं पाणी भळभळून बाहेर आलं, कुजक्या अंड्यासारखा वास, आणि त्यातून बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या. हॉस्पिटलात मी काय काय पाहिलंय, तरी पदर नाकाला लावला.

"आतून कुजलंय," तो म्हणाला. "वादळाने पाडलं नाही, वादळाने दाखवलं फक्त. उरलेला फाटा कधी खाली येईल, भरवसा नाही. त्या खोलीत कोण झोपतं?"

"माझी जाऊ."

"त्यांना आजच हलवा."

"तुम्हीच सांगून बघा."

त्याने सांगून बघितलं. थोरली दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माझी खोली मला बरी." पालथ्या घड्यावर पाणी. मुकादम म्हणाला, परवानगी आणा, मग करवतीचं मशीन लावतो. परवानगीच्या अर्जावर दोन्ही मालकांच्या सह्या लागतात, म्हणजे यांची आणि तिची.

तो गेल्यावर ती पाणी भरायला निघाली. झाडाखालूनच! भिंतीकडून वाट आहे, जरा लांबून, पण नाही. बुंध्यावर तळहात टेकवला, त्या काळ्या ओघळातून तो तसाच फिरवत पलीकडे गेली आणि त्याच हाताने कळशी धरली. धुतला नाही. ओंगळ. तोच हात आता पिठात जाणार. मी खिडकी धाडकन लावून घेतली.

२६ एप्रिल

अर्ज देऊन यांना तिच्याकडे पाठवलं. पाऊण तासाने परत आले. म्हणे वहिनींना सगळा अर्ज वाचून दाखवला. शिकलेली बाई, एके काळी सकाळचं वर्तमानपत्र बारापर्यंत सोडायची नाही, आणि आता वाचून दाखवा! राणीसाहेब मान वर करून बसल्या असतील आणि हे समोर उभे.

बरं, सही तरी नीट करावी. रेघ सोडून बोटभर वर, छापलेल्या अक्षरांच्या अंगावरून तिरकी चढत गेलीय, शेवटचं अक्षर कागदाच्या कडेवरून खाली पडलंय. मुद्दाम. तिला ठाऊक आहे की अशी सही चालणार नाही. झाड राहावं म्हणून हा रडीचा डाव.

यांना दाखवलं तर म्हणाले, "असू दे गं." चौतीस वर्षं हे "असू दे" ऐकून माझे कान किटलेत.

२७ एप्रिल

कारकुनाने अर्ज हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "ही सही आहे की गांडूळ?"

मी म्हटलं, "गांडूळ बरं, ते जमिनीच्या उपयोगी पडतं."

तो हसला, पण अर्ज परत दिला.

२९ एप्रिल

दुसऱ्या अर्जावर सही झाली. या वेळी यांनी रेघेवर बोट ठेवून करून घेतली, पहिलीतल्या पोराकडून करून घ्यावी तशी. हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे असं बघत राहिले की आता मी काहीतरी विचारीन. मी काय विचारायचं? म्हटलं, पुढच्या वेळी हात धरून गिरवून घ्या. हे उठून बाहेर गेले.

सही होईस्तोवर बाई रुसायला नको म्हणून काल डब्यातून भाजी पाठवली होती. डबा आज धुण्याच्या दगडावर परत आला. आत कडेला भाजीचा थर वाळून बसलेला, झाकणाच्या आट्यांमध्ये मुंग्या. घासलाय म्हणे! बोटाने उकरलं तर नखात निघालं. मी तो डबा तीनदा राखेने घासला आणि तरी वापरायला मन होईना, शेवटी त्यात खिळे ठेवले.

तिचं लुगडंही तसंच. छातीपासून पोटापर्यंत आमटीचे थेंब, जुने, नवे, एकावर एक. डाग वाचण्यात माझा हात कोणी धरणार नाही. चादर बघून मी सांगत असे की रोगी कुठल्या कुशीवर झोपला, औषध सांडलं की ओकला, नर्सने कधी बदलली. थोरलीचे डाग मी चार हातांवरून वाचले. जेवणात लक्ष नाही, स्वतःची लाज नाही, आणि कोणी बघेल याची तमा नाही. एकेकाळी हीच बाई माझ्या इस्त्रीला नावं ठेवायची.

परवा तर भर दुपारी बारा वाजता तिच्याकडे दिवा जळत होता. दिवसभर तसाच.

१ मे

दिवसभर वारा. परवानगी आली, पण मुकादम दुसऱ्या कामावर, उद्यापरवा येतो म्हणतो. झाड करकरतं. दहाच्या सुमाराला तीनदा, जेवताना एकदा, चारनंतर सारखंच. थोरलीने खाट खिडकीपासून इंचभरही सरकवलेली नाही.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची टाकून बसले. हे म्हणाले, "सकाळपासून इथेच काय करतेस?"

"पडलं तर वेळ लिहावी लागेल ना वहीत."

"वहिनींना पुन्हा सांगून बघू का?"

"सांगा. आणि हेही सांगा की मेल्यावर मी सुतक पाळायची नाही."

ते गेले आणि आले. ती नाहीच म्हणाली. सकाळपासून सातदा त्या झाडाखालून नळावर गेली, सातदा बुंध्याला हात घासला. मी मोजलं.

३ मे

अंग अजून कापतंय. रागाने.

मुकादम सकाळी आठला माणसं घेऊन आला. एक वर चढला, एकाने खाली दोर धरला. पद्धत अशी की फांदीला आधी दोर बांधायचा, मग कापायची, मग हळूहळू खाली सोडायची, म्हणजे पत्र्यावर पडत नाही. झाडाभोवती यांनी काठ्या रोवून लाल पट्टी बांधली. मुकादमाने सगळ्यांना बजावलं, पट्टीच्या आत कोणी यायचं नाही. थोरलीलाही दारात जाऊन सांगितलं.

अकरा वाजता मशीन जरा थांबलं. वरच्याची फांदी कापून झाली होती, ती दोरावर लोंबत होती, माझ्या कमरेएवढी जाड. आणि ही बाई कळशी घेऊन बाहेर! सरळ चालत आली, पट्टी पोटाला लागली, तिने ती हाताने चाचपली, वर उचलली आणि खालून आत शिरली. मुकादम ओरडला, वरचा ओरडला, दोरवाल्याचे पाय घसरायला लागले. ती मध्येच उभी, कधी याच्याकडे तोंड, कधी त्याच्याकडे.

मी खिडकीतून ओरडले, "जाऊबाई, थांबा! जागच्या हलू नका!"

ती थांबली. एक पाय उचललेला तसाच. फांदी तिच्यासमोर दोन हातांवर धप्पकन आली, तुतीचा सडा तिच्या तोंडावर, केसांत, सगळीकडे उडाला.

नऊ वर्षं जपलेलं मौन मी अशा बाईवर खर्च केलं. धावत गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. "समोर एवढं मोठं झाड पडतंय, दिसत नाही?"

तोंडावरून जांभळा रस ओघळत होता, तो पुसलासुद्धा नाही. म्हणाली, "नाही."

उलट बोलली! निर्लज्जपणे, शांत, मान वर करून. मी तिथून निघून आले. हे तिला धरून आत घेऊन गेले, तोंड पुसलं, कळशी भरून दिली. परत आले तर डोळे ओले. म्हटलं, तुम्हाला काय झालं? म्हणाले, "काही नाही, भुसा गेला."

४ मे

झालं एकदाचं. बुंधा तीन तुकड्यांत उतरवला. मुकादमाने एका बाजूने खाच घेतली, दुसऱ्या बाजूने मशीन लावलं आणि मागून पाचर ठोकली. तुकडा त्याने सांगितला होता तिथेच पडला. त्याच्या थुंकण्यासकट मी त्याला मानते.

आतून सगळा पोकळ. काळा लगदा, अळ्या, कुजलेलं पाखराचं घरटं, त्यात हाडं. बाहेरून इतकी वर्षं हिरवंगार आणि आत हे! माणसांनी नाकाला फडकी बांधली, मला उमासे आले. शेवटी खोड जमिनीलगत कापलं, वर माती ओढली. परस एकदम मोठं दिसायला लागलं. चादरी वाळत घातल्या.

जेवताना हे म्हणाले, "आता वहिनींचं कसं व्हायचं?"

"कसं म्हणजे? उजेड येईल, वारा येईल. जीव वाचला."

हे भाताशी खेळत राहिले. पान टाकून उठले.

५ मे

लिहायलाच हवं. कारकुनासाठी नाही.

सकाळी साडेसहाला मी खिडकीशी होते. थोरली कळशी घेऊन निघाली. दारापासून पाच पावलं आली आणि उजवा हात पुढे केला. तिथे काही नव्हतं. तिने हात थोडा डावीकडे नेला, थोडा उजवीकडे. अजून एक पाऊल टाकलं, पुन्हा हात. मी मनात म्हटलं, झालं, झाडाच्या नावाने नाटक सुरू.

मग ती वळली. नळाकडे नाही, दाराकडे नाही, भलतीकडेच. ओल्या भुशात आणि त्या काळ्या लगद्यात पाय पडला, तो तिने काढून घेतला, दुसरा टाकला तोही त्यातच. माझी चादर तिच्या तोंडाला लागली. ती दचकली, मागे सरली, आणि कळशी सुटली. कळशी गडगडत गेली तिकडे तिने तोंड फिरवलं, पण नजर गेली नाही. सूर्य समोरून थेट तिच्या डोळ्यांत येत होता आणि ती पापणी मिटत नव्हती.

मग ती त्या घाणीत खाली बसली. ओरडली नाही, कोणाला हाक मारली नाही. बसून राहिली, दोन्ही तळवे जमिनीवर फिरवत.

मला किती वेळ लागला कोण जाणे. डबा, सही, दिवा, लुगडं, बुंध्यावरचा हात. सगळं एकदम वर आलं आणि मला ओकारी आली. खरोखरची, मोरीत जाऊन. तोंड धुतलं आणि बाहेर गेले. तिच्यासमोर उभी राहिले. तिचा हात चाचपडत माझ्या पायाला लागला, तिथून वर गुडघ्याला, तिथून मनगटाला. हाताला काळं लागलेलं होतं. तिने मला धरून स्वतःला उभं केलं. मी तिला नळावर नेलं, पाय धुतले, कळशी भरली, खोलीत सोडलं. 

मग यांच्याकडे गेले. "किती दिवस?"

"पावणेदोन वर्षं. आधी धूसर होतं, मग गेलंच."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"वहिनींनी शपथ घातली होती. म्हणाल्या, धाकटीला कळलं तर ती मला ठेवायची नाही, तिला घाण सहन होत नाही. त्या खोलीत त्यांना सगळं पाठ आहे. आपल्या खोलीत आल्या असत्या तर पहिल्याच दिवशी तुला कळलं असतं." मग हे म्हणाले, "मी किती वेळा तुझ्यासमोर आणून ठेवलं. वाटलं, तुझं तुला कळेल, म्हणजे शपथही मोडायला नको."

मी यांना काहीबाही बोलले. मेंदूऐवजी भुसा आहे म्हटलं. फांदी डोक्यात पडली असती तर शपथ घालणारीही उरली नसती म्हटलं. सगळं खरं आहे. पण तीस वर्षं डाग वाचणारी मी होते.

७ मे

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. डावा गेला. उजव्यात शस्त्रक्रियेने सावल्या दिसण्याइतकं येईल, कदाचित. डॉक्टर म्हणाला, "वर्षापूर्वी आणलं असतं तर." मी त्याच्या टेबलावरच्या धुळीकडे बघत बसले.

यांनी दारापासून नळापर्यंत दोर बांधलाय, कमरेच्या उंचीवर. जाऊबाई त्याला धरून जातात.

९ मे

आज जाऊबाईंचं स्वयंपाकघर साफ करायला काढलं. त्यांना पाटावर बसवलं आणि सुरुवात केली. लिहितानाही अंगावर काटा येतो. पिठाच्या डब्यात जाळी, डाळीत किडे, तेलाच्या बरणीत बुडालेली झुरळं, दोन. ओट्यामागे सांडलेलं दूध दगड होऊन बसलेलं. फडक्याला असा वास की ते मी काठीने उचललं. घाण ती घाणच, मी काही साधू झालेली नाही. दर डब्याला माझ्या तोंडून शी निघत होतं आणि दर वेळी त्या विचारत होत्या, "काय निघालं गं?"

"किडे."

"डाळीत?"

"डाळीत."

"म्हणजे मी खाल्ले असतील."

"असतील."

"चव काही वाईट नव्हती," त्या म्हणाल्या. मला हसू आलं.

पातेली घासत होते. त्यांनी पाट जवळ ओढला. मग म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचारा."

"तू खिडकीत असायचीस. मला बांगड्यांचा आवाज यायचा. झाडापाशी आले की मी जरा थांबायचे, वाटायचं, आता काही म्हणेल. मग तू खिडकी लावून घ्यायचीस." त्यांनी पदर बोटाला गुंडाळला. "तुला कळलं होतं ना?"

माझे हात थांबले. हो म्हणावं, तर दिसत नसलेल्या बाईला मी मोडक्या झाडाखालून सात-सातदा जाऊ दिलं, बघत बसले, वर मोजलंसुद्धा. नाही म्हणावं, तर जे मनात होतं ते सांगावं लागणार.

"नाही," मी म्हटलं. "मला वाटलं तुम्ही घाणेरड्या झालात. ओंगळ. वहीत तसं लिहिलंय मी."

"खरं?"

"अगदी खरं. शपथेवर."

 त्यांचे खांदे खाली आले. "मग बरं," म्हणाल्या. "मला वाटत होतं, कळूनसवरून गप्प बसलीस."

 घासलेलं पातेलं पुसायला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, कडेवरून बोट फिरवलं, मग आत, मग बुडाला, आणि एका जागी नखाने खरवडलं.

"इथे राहिलंय गं."

पातेलं उजेडात नेऊन बघितलं. राहिलं होतं.